रानपिंगळा शोधायला सुरगाण्याकडे कोण कोण येतंय?

टकाचोर · शुक्रवार, रात्री १०:०५

नमस्कार मंडळी.

थंडी पडली की आपली गाडी आपोआप निफाडकडे वळते. चापडगावच्या मनोऱ्यावर पाय ठेवायला जागा नसते, चक्रवाक आणि थापट्या मोजून होतात, कोणीतरी दलदल हारिण दाखवतं, येताना मिसळ. मला हे आवडतंच, तक्रार नाही. रामसर हा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळालेली राज्यातली पहिली पाणथळ जागा आपल्याला तासाभरावर आहे. पण नांदूरमधमेश्वरच्या पाण्यावर नजर ठेवणारे आता भरपूर झालेत. नाशिक जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, पश्चिमेकडच्या सागाच्या जंगलात दुर्बीण घेऊन फिरणारे मात्र बोटांवर मोजण्याइतके.

म्हणून प्रस्ताव असा: पुढच्या रविवारी सुरगाणा. लक्ष्य रानपिंगळा, ते छोटं, दुर्मीळ घुबड.

हसू नका, आधी नकाशा उघडा. खाली शहापूरकडे तानसा अभयारण्य. २०१४ साली तिथे रानपिंगळा सापडला, तेव्हा भल्याभल्यांच्या भुवया उंचावल्या होत्या. कारण तोवर हा पक्षी म्हटलं की सातपुडा आणि मेळघाट, एवढंच डोक्यात असायचं. पुढे वरच्या अंगाला, डांगातल्या पूर्णा अभयारण्यातही त्याची नोंद झाली. आता तानसा आणि पूर्णा यांच्यामध्ये बोट फिरवा. मोखाडा, हरसूल, पेठ, सुरगाणा. तसाच पानगळीचा साग, तसाच उतार, तशाच नद्या. पक्ष्याला तालुक्याची शीव कळत नाही. असेल तर या पट्ट्यात असायला हवा, आणि आपल्या गटात एकाच्याही यादीत तो नाही.

पहाटे पाचला दिंडोरी नाका, वणी-बोरगावमार्गे. दोनच गाड्या. कोण येतंय?

निफाडची थंडी · शुक्रवार, रात्री १०:३१

मी आहे. पण निफाडला नावं ठेवलीत ते लक्षात ठेवीन.

नवशी नजर · शुक्रवार, रात्री १०:४४

दादा, मी यायचं म्हणते, पण एक बाळबोध प्रश्न. आमच्या मखमलाबादच्या मळ्यात आंब्याच्या ढोलीत पिंगळ्याची जोडी आहे. संध्याकाळी तारेवर बसून किरकिर करतात, माझ्याकडे बघून माना वरखाली करतात. रानपिंगळा त्यांच्यापेक्षा किती वेगळा दिसतो? मला तिथे जाऊन पुन्हा तेच बघून "सापडला!" म्हणून ओरडायचं नाहीये.

खंड्या · शनिवार, सकाळी ६:५०

प्रश्न बाळबोध नाही. याच प्रश्नावर मोठमोठे गडगडलेत.

आधी डोकं बघायचं. मळ्यातल्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके ठसठशीत असतात, कोणी चुना शिंपडल्यासारखे. रानपिंगळ्याचं डोकं करडं-तपकिरी आणि जवळजवळ कोरं. अगदी बारीक ठिपके असले तरी लांबून दिसत नाहीत.

मग छाती. साध्या पिंगळ्याची तुटक ठिपक्या-रेघांची. रानपिंगळ्याच्या छातीवर गडद तपकिरी पट्टा जवळपास सलग, आणि त्याच्याखाली पोटाचा मधला भाग शुभ्र. बाजूला आडव्या रेघा असतात, पण मध्ये काही नाही. समोरून ऊन पडलं तर हे पांढरं पोट पहिल्यांदा डोळ्यात भरतं.

शेपटीवरचे पांढरे पट्टे रुंद. पाय पिसांनी गच्च भरलेले आणि पंजे अंगाच्या मानाने दांडगे. डोकंही मोठं वाटतं. लांबीत मात्र फार फरक नाही, हा साधारण २३ सेंटीमीटर, मळ्यातला २१. तेव्हा "मोठा दिसला" हा पुरावा मी तरी घेत नाही. लांबून सगळंच मोठं दिसतं, विशेषतः जे आपल्याला हवं असतं ते.

तिसरा भिडू विसरू नका, जंगली पिंगळा. तो डोक्यापासून पोटापर्यंत बारीक आडव्या पट्ट्यांचा. सुरगाण्यात तो भरपूर भेटेल.

वागणुकीचं म्हणाल तर रानपिंगळा दिवसाचा पक्षी. थंडीत सकाळी निष्पर्ण फांदीच्या शेंड्यावर उन्हाला बसतो आणि शेपटी झटक्यात डावी-उजवी हलवतो. माना वरखाली करणं हे तुमच्या मळ्यातल्या जोडीचं काम.

नवशी नजर · शनिवार, सकाळी ७:१५

वहीत उतरवलं, चित्र काढून. धन्यवाद काका.

लेन्सवाला · शनिवार, सकाळी ११:२०

एवढा खटाटोप कशाला? माझ्याकडे फोटो आहे. गेल्या वर्षी हतगडच्या पायथ्याला काढलेला. खाली टाकतोय. डोकं कोरं आहे, बघून घ्या. मी तेव्हाच म्हणत होतो, कोणी ऐकलं नाही.

सोनपाठी · शनिवार, दुपारी १२:०२

फोटो छान आहे, पण पाठमोऱ्या उजेडातला आहे. डोक्याची कड उजळून निघालीय आणि मधला भाग काळा पडलाय. अशा उजेडात कावळ्याच्याही डोक्यावर काय आहे ते सांगता येणार नाही.

मूळ फाईल आहे का? सावल्या उचलून बघू.

लेन्सवाला · शनिवार, दुपारी १२:१०

हे घ्या. आता?

सोनपाठी · शनिवार, दुपारी १:३५

आता कपाळावर ठिपके दिसतायत. डाव्या डोळ्याच्या वर तीन-चार स्पष्ट, मागे आणखी. मानेवर मागच्या बाजूला पांढरी कडही आहे, तशी ठळक कड रानपिंगळ्याला नसते. आणि शेजारी घराचं कौल दिसतंय ना, उजव्या कोपऱ्यात? साधा पिंगळा आहे, दादा.

लेन्सवाला · शनिवार, दुपारी १:४१

मग पाय? पाय बघा किती जाड आहेत.

सोनपाठी · शनिवार, दुपारी १:४९

थंडीत फुलून बसलाय. सगळेच जाड दिसतात. मी पण.

लेन्सवाला · शनिवार, दुपारी १:५२

मला पटलेलं नाही. मी माझ्या यादीत ठेवणार.

खंड्या · शनिवार, रात्री ९:१५

लेन्सवाले, तुमची यादी तुमची. पण याच पक्ष्याच्या बाबतीत "माझ्या यादीत ठेवणार" या वृत्तीने काय घोळ घातला ते सांगतो. थोडं लांबेल. चहा घेऊन बसा.

१८७२ साली एफ. आर. ब्लेविट नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने आताच्या छत्तीसगडात हा पक्षी टिपला. पुढच्या वर्षी ॲलन ह्यूमने त्याचं वर्णन छापलं आणि ब्लेविटचं नाव दिलं. हो, तोच ह्यूम, काँग्रेसच्या स्थापनेतला. त्यानंतर जेम्स डेव्हिडसन या मुलकी अधिकाऱ्याने आपल्या खानदेशात, शहादा-तळोदा भागात काही नमुने मिळवले. शेवटचा १८८४चा. संपलं. जगभरच्या संग्रहालयांत मिळून सात अस्सल कातडी, आणि जिवंत पक्षी कोणाला दिसेना.

मध्येच एक आठवी नोंद. कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन, ब्रिटिश लष्करातलं बडं प्रस्थ, पक्षिशास्त्रातलंही. त्याच्या संग्रहात एक रानपिंगळा होता, चिठ्ठी १९१४ची, ठिकाण गुजरातेतलं मांडवी. झालं! शेवटची नोंद तीस वर्षं पुढे सरकली आणि ठिकाण तापीच्या खालच्या अंगाला गेलं. एवढ्या मोठ्या माणसाच्या चिठ्ठीवर कोण शंका घेणार? सालिम अली आणि डिलन रिप्ली यांच्यासारख्यांनीही हा पक्षी शोधला, हाती काही लागलं नाही.

नव्वदच्या दशकात पामेला रासमुसेन या अमेरिकी पक्षितज्ज्ञ संग्रहालयातली कातडी तपासत होत्या. त्यांच्या लक्षात आलं की कर्नलसाहेबांचा नमुना भरण्याची मूळ पद्धत डेव्हिडसनची आहे. लंडनच्या संग्रहालयातून डेव्हिडसनचा पक्षी पळवायचा, टाके उसवून नव्याने भरायचा, पायाला आपली चिठ्ठी बांधायची. असा उद्योग. १९९९ साली रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी हे सगळं पुराव्यानिशी छापलं.

पण त्याआधीच त्यांनी मांडवीवर फुली मारली होती आणि फक्त खऱ्या नमुन्यांच्या ठिकाणी जायचं ठरवलं होतं. बेन किंग आणि डेव्हिड ॲबट सोबत. आधी पूर्वेकडची जुनी ठिकाणं धुंडाळली, काही नाही. मग शहादा. २५ नोव्हेंबर १९९७च्या सकाळी सातपुड्याच्या पायथ्याला एका उघड्या झाडावर पक्षी बसलेला. डोकं कोरं, पाय पांढरे, पोट स्वच्छ. ११३ वर्षांनी. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होतं, नंदुरबार पुढच्या वर्षी वेगळा झाला. म्हणजे आपल्या शेजारच्या जिल्ह्यातली गोष्ट, परदेशातली नव्हे.

एका खोट्या चिठ्ठीने माणसं किती वर्षं चुकीच्या जागेकडे बघत राहिली, याचा हिशेब करा. तुम्ही खोटं बोलताय असं मी म्हणत नाही. पण संशयाची नोंद एकदा नकाशावर चढली की ती उतरवायला दुसऱ्या कोणाला तरी आयुष्यातली वर्षं घालावी लागतात.

निफाडची थंडी · शनिवार, रात्री ९:४०

काका, टाके उसवून नव्याने भरला? अंगावर काटा आला. माणसं यासाठीही चोऱ्या करतात?

खंड्या · शनिवार, रात्री ९:५२

त्याने एवढ्यावर थांबवलं नव्हतं. इतरही अनेक पक्ष्यांच्या नमुन्यांत हेच केलेलं निघालं. नावासाठी माणूस काहीही करतो, पैशासाठी करतो त्याहून जास्त.

लेन्सवाला · रविवार, सकाळी ८:०५

गोष्ट भारी आहे. पण माझ्या फोटोचा आणि कर्नलचा काय संबंध? मी कोणाचं कातडं चोरलेलं नाही.

जाऊ दे. मुद्द्याचं बोला. आवाज वाजवणार की नाही? स्पीकर आहे माझ्याकडे. दोन मिनिटं रानपिंगळ्याची शीळ वाजवली की असेल तर समोर येऊन बसेल. नाहीतर सागाच्या जंगलात २३ सेंटीमीटरचा पक्षी शोधत आपण मार्चपर्यंत फिरू.

सोनपाठी · रविवार, सकाळी ८:३०

नाही. ऑक्टोबर ते मे हा त्याचा विणीचा काळ, त्यातही जानेवारी-फेब्रुवारी ऐन भरात. आपण स्पीकरवर शीळ वाजवली की त्याला वाटतं दुसरा नर हद्दीत घुसला. ढोली सोडून तो भांडायला येतो, उघड्यावर बसून ओरडतो. वरून शिक्रा किंवा मोरघार बघत असेल तर? आणि मादी आत अंड्यांवर असेल तर तिचा घास कोण आणणार?

निफाडची थंडी · रविवार, सकाळी ८:४७

थोडी दुसरी बाजू पण. संशोधक सर्वेक्षण करताना आवाज वाजवतातच ना? त्यामुळेच नव्या जागा कळल्या. सरसकट पाप म्हणायला मन धजत नाही.

सोनपाठी · रविवार, सकाळी ९:०४

बरोबर आहे, वाजवतात. पण वनखात्याची परवानगी काढून, ठरलेल्या बिंदूवर, ठरलेली मिनिटं, आणि उत्तर आलं की लगेच बंद. त्यांना पक्षी आहे की नाही एवढंच हवं असतं. आपल्याला फोटो हवा असतो, आणि फोटोची भूक पहिल्या उत्तरावर भागत नाही. "जरा डावीकडे वळला असता तर" म्हणत पुन्हा बटण दाबलं जातं. मी हे नवरंगाच्या बाबतीत डोळ्यांनी पाहिलंय, पावसाळ्यात, त्र्यंबककडे. पक्षी दमून गप्प झाला तरी स्पीकर चालूच.

टकाचोर · रविवार, सकाळी ९:२०

धागा माझा, गाडी माझी: स्पीकर येणार नाही. संपला विषय. हा पक्षी वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, थट्टा नाही. आणि पक्षी दिसलाच तर ढोलीचं ठिकाण या धाग्यावर येणार नाही, तालुक्याच्या पुढे एक अक्षर नाही. घुबड-पिंगळ्यांवर करणीवाल्यांचा डोळा असतो हे दर दिवाळीच्या बातम्यांत वाचतोच आपण.

बाऱ्हेकर · रविवार, दुपारी ३:१०

मी सहसा नुसता वाचतो. माझं गाव त्याच भागातलं, नोकरीसाठी नाशकात असतो. दोन गोष्टी बोलू का?

तुम्ही "जंगल" म्हणताय ती जागा मोकळी नाही. लोकांचे वनहक्काचे प्लॉट आहेत तिथे, नागली-वरई-भात होतं. २०१८ साली नाशकातून मुंबईपर्यंत पायी मोर्चा गेला, त्यात आमच्या तालुक्याची किती माणसं होती ते आठवा. कोणी अनोळखी माणूस मोठा कॅमेरा आणि नकाशा घेऊन बांधावर उभा राहिला की पहिली शंका येते ती मोजणीची. तेव्हा आधी गावात थांबा, राम राम करा, कशासाठी आलात ते सांगा. वनपरिक्षेत्र कार्यालयात कळवा ते वेगळंच. हिरवे-करडे सैनिकी कपडे नकोत, उगाच संशय वाढतो.

दुसरं झाडांचं. भाताच्या राबासाठी (रोपांची जागा भाजायला) दरवर्षी सादड्याच्या फांद्या उतरवतात, म्हणून त्या झाडांचे नुसते खांब दिसतील. तिथे ढोल्या शोधू नका. साग बहुतेक तरणा आहे, त्यालाही ढोली कमी. मोह शोधा. मोह कोणी तोडत नाही, फुलं आणि बियांचं उत्पन्न असतं, त्यामुळे जुनी झाडं तीच उरलीत. सुतार पक्ष्याने पाडलेली भोकं बघायची तर मोहावर बघा. ओढ्याच्या कडेचे मोह आधी.

आमचे आजोबा "दिवसा बसणारा पिंगळा" म्हणायचे एकाला. तो हाच का ते मला माहीत नाही, कारण जंगली पिंगळापण दिवसा दिसतो. मी सोबत येतो. घरी सांगून ठेवतो, नागलीची भाकरी आणि उडदाचं भुजं मिळेल. जेवणाचे पैसे द्यायचे, आईला आवडणार नाही, पण द्यायचे.

टकाचोर · रविवार, दुपारी ३:२५

भाऊ, तुम्ही इतके दिवस नुसते वाचत का होतात? पुढे बसा, रस्ता तुम्ही दाखवायचा.

सोनपाठी · रविवार, दुपारी ३:४०

या धाग्यातला सगळ्यात कामाचा प्रतिसाद. मोहाचं कधी डोक्यात आलं नव्हतं.

टकाचोर · सोमवार, रात्री ११:१८ (पुढच्या आठवड्यात, जाऊन आल्यावर)

सविस्तर लिहितो, कारण फोनवर सगळे एकच विचारतायत, "दिसला का?"

नाही दिसला. पण पूर्ण वाचा.

गावात पोचलो तेव्हा नुकतं फटफटत होतं. बोरगावपासून पुढे गारठा असा की दुर्बिणीची काच सारखी धुरकट होत होती. रस्त्याकडेला स्ट्रॉबेरीचे वाफे, त्यावर दवाने भिजलेला प्लास्टिकचा कागद. बाऱ्हेकरांच्या चुलत्यांनी बिनदुधाचा चहा दिला आणि "पिंगळा बघायला नाशिकहून?" म्हणून मनसोक्त हसले. मग स्वतःच पुढे निघाले, पायात साध्या स्लीपर. आमच्या चार हजारांच्या बुटांना गाठता येईना.

ओढ्याकाठचे मोह एकेक करून बघितले. पद्धत अशी: झाडापासून लांब थांबायचं, ऊन ज्या फांद्यांवर आधी येतं त्या तेवढ्या दुर्बिणीने चाळायच्या, मग जागा बदलायची. चालायचं कमी, थांबायचं जास्त. हरियलांचा थवा एका उंबरावर उतरला होता, राज्यपक्ष्याची हजेरी लागली. टकाचोर (पक्षी, मी नव्हे) सारखा मध्ये मध्ये. सोनपाठी सुतार एका वाळक्या खोडावर ठोकत होता, ताईंनी लगेच नावाची मालकी सांगितली. जंगली पिंगळा दोनदा, अगदी जवळून. पट्टे नीट बघून घेतले, नवशी नजरने वहीतल्या चित्राशी ताडून पाहिले. गावालगतच्या चिंचेवर साधा पिंगळा, ठिपक्यांसकट.

साडेआठच्या सुमाराला ओढ्याच्या पलीकडून शीळ आली. लहान, गोड, मधे थांबा घेऊन पुन्हा. ओऽह... ओऽह. सगळे जागच्या जागी थिजलो. काकांनी हात वर केला. पुन्हा तीच. मी फोनवर ध्वनिमुद्रण केलं, वाऱ्याची खरखर आहे पण शीळ ऐकू येते. ओढा उतरून पलीकडे गेलो तोवर आवाज बंद. तिथे साग दाट, पानं अजून गळालेली नाहीत, वीस फुटांपलीकडचं दिसेना. बराच वेळ बसलो. मग समोरच्या झाडावरून एक भृंगराज उडाला, शेपटीच्या त्या दोन लांब तारा हलवत, आणि जाता जाता शिक्र्याची हुबेहूब नक्कल करून गेला.

काका म्हणाले, "घ्या. संपलं."

निफाडची थंडी · सोमवार, रात्री ११:३०

माझं मत मी तिथेही सांगितलं, इथेही सांगतो. मुद्रण पुन्हा पुन्हा ऐकलंय. रानपिंगळाच आहे. नोंद करावी.

खंड्या · मंगळवार, सकाळी ६:३५

भृंगराज पट्टीचा नकलाकार आहे. शिक्रा, कोतवाल, सातभाई, सगळ्यांचे आवाज काढतो. शीळ आली त्याच जागेवरून तो उडाला. मी ही नोंद मान्य करत नाही.

नवशी नजर · मंगळवार, सकाळी ७:०२

काका, एक शंका. भृंगराजाने रानपिंगळ्याची नक्कल केली असं धरलं, तर त्याने तो आवाज कुठेतरी ऐकला असणार ना? म्हणजे पक्षी आसपास असलाच पाहिजे!

सोनपाठी · मंगळवार, सकाळी ७:२०

शाब्बास. काका, द्या उत्तर.

खंड्या · मंगळवार, सकाळी ८:१०

पोरगी हुशार आहे. पण तुमच्या वाक्यात "रानपिंगळ्याची नक्कल" हे आधीच सिद्ध धरलंय. आपण ऐकली ती एक शीळ. ती शीळ रानपिंगळ्याची, ही आपली इच्छा. भृंगराजाच्या स्वतःच्या आवाजातही गोड शिट्ट्या असतात. शिवाय आम्ही सगळे आठवडाभर फोनवर रानपिंगळ्याचा आवाज ऐकत होतो, त्या दिवशी कपाटाची कडी करकरली असती तरी तोच ऐकू आला असता.

हे मुद्रण फेकू नका मात्र. तारीख, वेळ, जागा लिहून जपून ठेवा. माझ्या ओळखीत घुबडांवर काम केलेले एक जण आहेत, त्यांच्याकडे पाठवतो. आवाजाचा आलेख काढून ते बघतील.

निफाडची थंडी · मंगळवार, सकाळी ८:२२

आणि तोवर?

खंड्या · मंगळवार, सकाळी ८:२५

तोवर वहीत "शीळ ऐकली, पक्षी ओळखला नाही" एवढंच. यात लाज काय?

बाऱ्हेकर · मंगळवार, दुपारी १:४५

चुलत्यांचा फोन होता. तुम्ही गेल्यापासून ते रोज सकाळी ओढ्यावर जाऊन बसतात म्हणे! गावातली पोरंपण. त्यांना मी डोकं-पोट-पाय कसं बघायचं ते सांगितलंय, चित्राचा फोटो पाठवलाय. कोणाकडे वापरात नसलेली दुर्बीण असेल तर द्या, जुनी चालेल. रविवारी येऊन चार तास बसणाऱ्यांपेक्षा त्यांना आधी दिसेल, राग मानू नका.

सोनपाठी · मंगळवार, दुपारी २:०८

राग कसला. माझी आठ बाय चाळीसची पडून आहे, पट्टा तुटलाय पण काच उत्तम. घेऊन जा.

टकाचोर · बुधवार, रात्री ९:३०

ठरलं ते असं. फेब्रुवारीच्या शेवटी पुन्हा जायचं, तोवर साग बऱ्यापैकी उघडा पडलेला असेल आणि ओढ्यापलीकडचं दिसेल. एक दिवस आधी मुक्कामी, म्हणजे पहिल्या उन्हाला जागेवर असू. या वेळी ध्वनिमुद्रणासाठी नीट माईक हवा, खरखर नको. वाजवायला नाही, ऐकायला! कोणाकडे आहे का? वनपरिक्षेत्र कार्यालयात मी कळवतो. गाड्या दोनच, गावात तीन गाड्या उभ्या करायला जागा नाही. नावं खाली लिहा, सोबत भाचा-पुतण्या नको.

नवशी नजर · बुधवार, रात्री ९:३४

मी. माईक कॉलेजातून मिळेल, विचारते.

निफाडची थंडी · बुधवार, रात्री ९:३६

मी. आणि काका, आलेखाचं काय झालं?

खंड्या · बुधवार, रात्री ९:५०

त्यांचं उत्तर आलं. म्हणाले, वाऱ्यामुळे खालचा भाग वाचता येत नाही, यावरून हो म्हणता येणार नाही आणि नाही पण म्हणता येणार नाही. स्वच्छ मुद्रण आणा. मी येतोय.

लेन्सवाला · बुधवार, रात्री १०:११

मी पण येतो. स्पीकर घरी ठेवीन. हतगडच्या फोटोबद्दलचं माझं मत मात्र बदललेलं नाही.

टकाचोर · बुधवार, रात्री १०:१५

या. तुम्हाला काकांच्या शेजारची सीट दिलीय. दिंडोरी नाका ते बोरगाव, काय भांडायचं ते भांडून घ्या. ओढ्यावर आवाज नको.